भिंतीकडे तोंड

बाबा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले की आमच्या घरात सगळ्यांच्या पोटात गोळा यायचा. ओरडणं, आदळआपट हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते, दिवसभर मशिनींचा आवाज ऐकून घरी आल्यावर त्यांना आणखी आवाज नको असायचा. राग आला की कॉटवर जायचं, उशी नीट करायची आणि भिंतीकडे वळायचं. मग आईने चहा आणून त्यांच्या पाठीशी बोलायचं. "अहो, चहा निवतोय." पाठ हलायची नाही. "पोरीचं चुकलं, आता कबूल करतेय ती." पाठ ढिम्म. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्या बंडीतल्या पाठीकडे बघत राहायची, आणि ती वळली की माझा जीव भांड्यात पडायचा. ती पाठ आपल्याला कळते असं मी पन्नाशी उलटेपर्यंत धरून चालले होते.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे, बदलापूर पश्चिमेला. घर तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. मागच्या वर्षी ते बाथरूममध्ये पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला, आणि डॉक्टर म्हणाले, "हाड आम्ही बसवलं. आता चालवायचं काम तुमचं." वॉकरवर उभं करायचं, रोज व्यायाम करून घ्यायचे, झोपवून ठेवायचं नाही. घरी मी आणि माझा नवरा, दोघेही नोकरीवर जाणारे. वर नेलं असतं तर चौघांनी खुर्चीत बसवून नेलं असतं, आणि मग ते वरच अडकले असते. म्हणून ठरलं, पायात बळ येईपर्यंत कुठल्यातरी चांगल्या नर्सिंग सेंटरमध्ये ठेवायचं.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "जिना चढायला लागलो की घरी ना?"

"म्हणजे काय बाबा? लगेच घरी."

पण मला तेव्हापासूनच धडकी भरली होती. अशा ठिकाणी गेलेली माणसं परत येत नाहीत असं आमच्या सोसायटीत प्रत्येक जण कोणाचं ना कोणाचं उदाहरण देऊन सांगत होता. सांगायचं आणि वर म्हणायचं, "पण तुम्ही काळजी करू नका हं." कप्पाळ माझं.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. अंबरनाथ एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे. आम्हाला माल पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांची पाहणी करणं हे माझं काम. मी येणार म्हटलं की लोक फरशी धुऊन काढतात, मशिनीवर हार घालतात, समोसे मागवतात. मी समोसा खाते आणि विचारते, "तुमचं हे कसं चालतं?" ते सांगतात. मग मी म्हणते, "छान. आता दाखवा." या दोन शब्दांवर माझी नोकरी चालली आहे. सांगणं कुणालाही येतं. दाखवा म्हटलं की चेहऱ्यावरचा रंग बदलतो, आणि मला कळायचं ते कळतं. साहेब म्हणतात, बाईच्या नजरेतून काही सुटत नाही. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तर मी नवऱ्याला बरोबर घेऊन बाबांसाठी जागा बघायला निघाले ती त्याच तोऱ्यात.

पहिली जागा उल्हासनगर कॅम्प पाचला. खाली पडद्यांच्या कापडाची दुकानं, वर सेंटर. मालकीण एक सिंधी बाई, तोंडाने गोड, "आओ दीदी, बैठो." पण आत पाऊल टाकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. दारातच एक धिप्पाड आया एका म्हाताऱ्या गृहस्थांवर ओरडत होती. "ए बाबा, पलट चल! गादीला चिकटायचा का आता?" अरे-तुरे! माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला! ते बिचारे नको नको म्हणत होते आणि हिने त्यांना पोत्यासारखं कुशीवर वळवलं, सदरा वर केला, आणि पडदा नाही, आडोसा नाही, सगळ्यांसमोर त्यांच्या पाठीवर हात फिरवून बघायला लागली. म्हातारे लाजेने उशीत तोंड खुपसून पडले होते. मी मान फिरवली. मालकिणीने किचन दाखवलं, व्यायामाची खोली दाखवली, मी धड बघितलंसुद्धा नाही. जिना उतरताना नवऱ्याला म्हणाले, "इथे माझा बाप? मेले तरी ठेवणार नाही."

दुसरी जागा जांभूळच्या बाजूला. कंपाउंडमध्ये आंब्याची झाडं, खिडकीतून डोंगर. आत शिरताच उदबत्तीचा मंद वास. कोणाचा आवाज चढलेला नाही. पांढऱ्या गणवेशातल्या चुणचुणीत मुली, प्रत्येकीच्या तोंडी "अहो काका, अहो काकू." तिथल्या इन्चार्ज मॅडम माझ्याएवढ्याच असतील. म्हणाल्या, "आमच्याकडे पेशंटच्या मनाविरुद्ध काही होत नाही. प्रत्येकाची डिग्निटी असते ना." मला तो शब्द इतका आवडला! कॅम्प पाचच्या त्या म्हाताऱ्यांचं उशीत खुपसलेलं तोंड मला आठवलं, आणि वाटलं, मिळाली जागा.

तरीही पाहणी मी सोडली नाही. बेल दाबून बघितली, मुलगी धावत आली. बाथरूममधल्या धरायच्या दांड्या हलवून बघितल्या. पिण्याचं पाणी कुठून येतं ते विचारलं, फ्रिज उघडला, डाळ चाखली. आग विझवायच्या नळकांड्याचा काटासुद्धा बघितला, नवरा लाजून बाहेर जाऊन उभा राहिला. "झोपून असलेल्या पेशंटचं काय करता?" असंही विचारलं. मॅडम म्हणाल्या, "दर दोन तासांनी कूस बदलतो. पाठीला, टाचांना त्वचा तपासतो." अगदी बरोबर उत्तर.

आणि मी म्हटलं, "छान."

पुढचे दोन शब्द माझ्या तोंडून आले नाहीत. कसे येणार? दाखवा म्हणजे काय दाखवा? कुठल्यातरी परक्या म्हाताऱ्या माणसाची उघडी पाठ? असं मागायचं असतं का बाईमाणसाने? ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

बाबांना तिथे ठेवलं. खिडकीजवळचा नको म्हणाले, भिंतीला लागून असलेला पलंग मिळाला. पहिल्या रविवारी गेले तेव्हा पलंगावर बसून होते, वॉकर धरून चार पावलं टाकून दाखवली. मी टाळ्या वाजवल्या, ते म्हणाले, "बास, आता काय शाळेत आहे का मी?" पण नजरेत आनंद होता. येताना मी रिक्षात गाणं गुणगुणत होते.

पुढच्या खेपेला गेले तर भिंतीकडे तोंड.

बंडीतली पाठ माझ्याकडे, पाय पोटाशी घेतलेले. मी पुन्हा स्वयंपाकघराच्या दारातली पोर झाले. "बाबा, मी आलेय." "हं." "चहा घेता का?" "नको." "व्यायाम झाला का?" "झाला." मी पलंगाशेजारी बसून आईसारखी त्या पाठीशी बोलत राहिले. सोसायटीतल्या गप्पा, पाण्याचं टाइमटेबल, काहीही. वळले नाहीत. निघताना नुसता हात वर केला.

त्यानंतर दर वेळी तेच. मला खात्री झाली, बाबा माझ्यावर रागावले आहेत. इथे आणून टाकलं म्हणून. मुलीने हाकललं म्हणून. ती भीती कशी असते ते सांगता येणार नाही. ऑफिसमध्ये माल तपासताना हात थांबायचा आणि वाटायचं, हा माणूस या रागातच गेला तर? माझ्याकडे न बघता? फोन वाजला की आधी सेंटरचा तर नाही ना, ते बघायची. तिथल्या मॅडमना विचारलं तर हसून म्हणायच्या, "काका जरा मूडी आहेत. पण ठीक आहेत. आम्ही त्यांच्या कलाने घेतो." नवरा म्हणायचा, "अगं, येतील वळणावर. तुझेच वडील आहेत, तुझ्यासारखेच हट्टी." मी पुरणपोळी नेली, वळले नाहीत. आईचा फोटो नेऊन भिंतीवर लावला, त्यांच्या नजरेसमोर. त्या फोटोकडे बघत पडून राहायचे. मला आईचाही राग आला. तिला बघायला मिळतंय त्यांचं तोंड, मला नाही.

मी त्या सेंटरचं सगळं तपासत होते. दर खेपेला बेल, दर खेपेला बाथरूम. बाबांना तेवढं तपासत नव्हते. त्यांच्या रागाची मला इतकी भीती होती की मी त्यांना हातसुद्धा लावत नव्हते.

मग एका रविवारी दुपारी गेले. त्यांच्या अंगात कसर होती, मुलगी म्हणाली, "थोडा ताप आहे, गोळी दिलीय." उदबत्तीच्या वासाखाली आणखी एक वास येत होता, गोडसर, कुबट. मला वाटलं, शेजारच्या पलंगाचा असेल. पांघरूण घसरलं होतं म्हणून मी ते वर ओढायला गेले, तर पायजम्यावर, कमरेच्या खाली मागच्या बाजूला, डाग दिसला. पिवळट तपकिरी. डाळ सांडली असेल म्हणून मी बोटाने चाचपलं.

"आई गं!" बाबा किंचाळले. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांचा असा आवाज ऐकला.

"काय झालं? बाबा, काय झालं?"

त्यांनी मागे हात आणून माझं मनगट धरलं. "नको बघू. तू नको बघू, पोरी."

पण मी बघितलं. बापाचे कपडे मुलीने बाजूला करायचे नसतात, हे सगळं माहीत असून केले. माकडहाडाच्या जागी रुपयापेक्षा मोठा काळा खड्डा पडला होता, कडेने लाल, आतून ओला. ती झोपून झोपून झालेली जखम होती. राग नव्हता तो. त्यांना उताणं झोपवत नव्हतं, बसवत नव्हतं, भिंतीकडे कुशीवर झाल्याशिवाय दुसरं काही जमत नव्हतं. इतके दिवस त्यांची पाठ मला ओरडून सांगत होती, आणि मी तिच्यासमोर पुरणपोळी धरून बसले होते.

मी किंचाळले की रडले ते आठवत नाही. मॅडम धावत आल्या. त्यांनी जखम बघितली आणि चेहऱ्यावरचा रंग बदलला. तो रंग मला चांगला ओळखता येतो.

"तुम्ही कूस बदलत होतात ना? तपासत होतात ना?"

"मॅडम, काका नको म्हणायचे. मुलींनी हात लावलेला त्यांना आवडायचा नाही. वॉर्डबॉयलाही म्हणायचे, माझं मी बघतो. व्यायामालाही, आज नको, दमलोय. आम्ही जबरदस्ती कशी करणार? त्यांची डिग्निटी..."

"डिग्निटी घाला चुलीत!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की सगळं सेंटर वळून बघायला लागलं. त्या शांत जागेत पहिला चढलेला आवाज माझा होता. पण मला त्यांना आणखी काही बोलता आलं नाही, कारण ही जागा मी निवडली होती, आणि नेमकी याच गोष्टीसाठी निवडली होती. इथे नको म्हटलं की नको. मुलींचे कष्टही वाचतात आणि बोलायलाही गोड.

अॅम्ब्युलन्समध्ये बाबा कुशीवर, तोंड माझ्याकडे. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं बाबा? निदान मला?"

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाले, "जखम आहे कळलं असतं तर व्यायाम थांबवले असते. घरी जायचं लांबलं असतं."

बाई गं. व्यायाम तर त्यांना त्या जखमेमुळेच होत नव्हते, आणि घरी जायचं लांबेल म्हणून ते जखम लपवत होते.

उल्हासनगरच्या हॉस्पिटलमध्ये सर्जननी जखम साफ केली. सडलेला भाग कापून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, "हाडापर्यंत गेलं नाही, नशीब समजा. पण इन्फेक्शन रक्तात उतरतं का ते बघावं लागेल. या वयात काही सांगता येत नाही." काही सांगता येत नाही! ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ताप चढला की मी थर्मामीटर झटकून पुन्हा लावायची, जसं काही चूक थर्मामीटरचीच आहे. आतल्या आत एकच जप चालायचा, बाबा, रागवा माझ्यावर, हवं तेवढं रागवा, पण राहा.

राहिले. ताप उतरला. मग पुन्हा तोच प्रश्न समोर आला. जखम भरायची, पायात बळ आणायचं, घर तिसऱ्या मजल्यावर. आता कुठे?

हॉस्पिटलच्या बाकावर बसून आम्ही बघितलेल्या दोन्ही जागा आठवत होते, आणि एकदम लक्षात आलं. दोन्हीकडे इतकं फिरले, पण झोपून असलेल्या माणसाची पाठ मी फक्त एकाच ठिकाणी बघितली होती. मान फिरवण्याआधी क्षणभर दिसली होती ती मला. कॅम्प पाचला, त्या म्हाताऱ्यांची. सुरकुतलेली, हाडं वर आलेली, पण स्वच्छ. ओरखडासुद्धा नाही. मी न मागता मला दाखवलं गेलं होतं, आणि तेच मी नापास ठरवलं होतं.

पदर खोचून गेले परत. मालकिणीचं आपलं "आओ दीदी, बैठो," तेच. त्या आयाला म्हणाले, "पेशंटच्या पाठी दाखवा मला."

ती माझ्याकडे बघून हसली. वांगणीच्या पुढच्या एका पाड्यावरची बाई. "एवढंच? या. ए आजे, चल पलट, पाहुणी आलीय बघायला." आजी तिला शिव्या देत पलटली. मी एकेक पाठ बघितली. या वेळी मान फिरवली नाही. फक्त जाताना म्हणाले, "पलंगांना पडदे लावून घ्या. मी आणून देते कापड, खालीच दुकान आहे."

"लावा की, मला काय. पण मी ओरडणार म्हणजे ओरडणारच. गोड बोलून कोण पलटतं, सांगा मला."

बाबांचे तिथले पहिले दिवस वाईट गेले. मी खोटं सांगणार नाही. "ए बाबा" म्हटलं की त्यांचे कान लाल व्हायचे. नको म्हणायचे, ती म्हणायची, "नको तर नको, पण पलट." पडद्याआड त्यांचं कण्हणं ऐकत मी बाहेर उभी राहायची. रोज कामावरून सुटले की आधी तिथे. बाबांना विचारायची नाही, पडदा ओढायची आणि जखम बघायची. पहिल्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले. नंतर सवय झाली, त्यांना आणि मलाही. खड्डा तळातून लाल झाला, मग उथळ झाला, मग त्यावर गुलाबी, पातळ कातडी धरली. तिकडे वॉकरवर पुन्हा पावलं सुरू झाली. सेंटरच्या जिन्याची एक पायरी ते चढून दाखवायचे, आया खालून ओरडायची, "अरे वा बाबा, आता गच्चीवर जातो का काय!"

माझी भीती मात्र जात नव्हती. अजून जात नाही.

गेल्या आठवड्यात कामावरून परस्पर गेले. पडदा बाजूला केला, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. बंडीतली पाठ माझ्याकडे, पाय पोटाशी.

पर्स जमिनीवर पडली. "बाबा!" हाक मारली आणि उत्तराची वाट न बघता कपडे बाजूला केले. कातडी गुलाबी, कोरडी. बोटाने हळूच दाबून बघितलं. काही नाही. टाचा बघितल्या, खुबे बघितले, कपाळाला हात लावला. ताप नाही. कुठेच काही नाही.

"दुखतंय का कुठे?"

"नाही."

"मग असे का झोपलात?"

"रागावलोय मी तुझ्यावर."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच फुटलं. राग होता! खराखुरा, साधा, आमच्या घरातला राग. आई असती तर चहा घेऊन आली असती. मी पदराने डोळे पुसले, पलंगाच्या कडेवर बसले आणि आईसारखंच त्या पाठीला विचारलं, "काय चुकलं आता पोरीचं?"

"रोज येतेस, पाठ बघतेस आणि जातेस," ते भिंतीला म्हणाले. "घरी कधी नेणार, ते एकदाही बोलली नाहीस."

बाबा अजून एकच पायरी चढतात. आमच्या घरापर्यंत तीन मजल्यांचा जिना आहे. बाबा वळले नाहीत. मी त्यांची बंडी खाली केली, पाठीवर हात ठेवला आणि तशीच बसून राहिले.